भुंगा, ॲसिटोन आणि अप्पांचं निरांजन

निवृत्त झाल्यापासून लोक विचारतात, "मॅडम, तुम्ही नेमकं काय करत होतात?" मी सांगते, "धुणं धूत होते." बी.एस्सी. झालेली बाई, सहकारी संस्थेत इतक्या वर्षांची नोकरी, आणि धुणं? समोरच्याचा चेहरा उतरतो आणि मला उगाच बरं वाटतं. मग मी चहा टाकते आणि सविस्तर सांगायला बसते.

धुणं होतं काचेच्या पट्ट्यांचं. बोटाच्या नखाएवढ्या पट्ट्या. त्यांच्यावर धातूचा पातळ थर चढायचा, त्यावर आणखी एक लेप बसायचा, आणि ती पट्टी डबीत बसवून तारा जोडल्या की हवेतला ओलावा मोजायचं यंत्र तयार. बीड जिल्ह्यात, भर दुष्काळात, ओलावा मोजायचं यंत्र. यावर हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. अंबाजोगाईबाहेर माळावर आमची संस्था होती आणि तिथं येणारा प्रत्येक पाहुणा आधी हसून घ्यायचा, मग पाणी मागायचा. पण कापसाचं जिनिंग असो, साखरेचं गोदाम असो की बियाण्याचा साठा, ओलावा किती ते कळलं नाही तर माल खराब होतो. त्यामुळे गिऱ्हाईक होतं.

गिऱ्हाईकही एकेक नमुनेदार. गेवराईकडचे एक जिनिंगवाले शेठ यंत्र काखोटीला मारून तणतणत आले. टेबलावर आपटून म्हणाले, "बाई, ह्यो तुमचा मीटर बिघडलेला हाय. काटा हलतच न्हाई."

"शेठ, हवेत ओलावा असला तर हलेल ना."

"म्हंजी मी खोटं बोलायलोय का?"

मी म्हटलं, "खोटं नाही हो. तोंडाजवळ धरा आणि जोरात श्वास सोडा." शेठनी तोंड उघडून श्वास सोडला. काटा टुणकन वर गेला. शेठ चमकले. त्यांनी पुन्हा सोडला. मग ड्रायव्हरला बोलावून त्याला सोडायला लावला, मग आमच्या शिपायाला. "माझाच लई चढतोय," असं म्हणत खुशीत यंत्र घेऊन परत गेले. आपला जिल्हाच कोरडा पडलाय, यंत्र ठीक आहे, हे त्यांना पटलं की नाही देव जाणे.

आता धुण्याबद्दल. पट्टीवर बोटाचं तेल, धुळीचा कण, काहीही राहिलं तर वरचा थर धरत नाही, पापुद्रा सुटतो. म्हणून हे काम एका बंद खोलीत चाले. तिला आम्ही साधेपणानं 'स्वच्छ खोली' म्हणायचो. गाळलेली हवा, जायला एकामागे एक दोन दारं, मधे कपडे बदलायची जागा, आणि अडचणीला मागच्या बाजूनं आणखी एक दार. आत जाताना पांढरा झगा, टोपी, मुखपट्टी, हातमोजे, वेगळे बूट. पावडर नाही, गजरा नाही, बांगड्या नाहीत, खोबरेल तेल चोपडलेले केस टोपीत कोंबून ठेवायचे. पहिल्या दिवशी पोरी म्हणाल्या, "ताई, हे तर लग्नात नवरीला नटवायच्या उलटं हाय."

खोलीतलं मुख्य यंत्र म्हणजे स्टीलची एक टाकी, भाजीच्या मोठ्या पातेल्याएवढी. तिच्या बुडाला चकत्या चिकटवलेल्या असतात. वीज दिली की त्या इतक्या वेगानं थरथरतात की तो आवाज माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही. आपल्याला ऐकू येते ती नुसती भुणभुण. म्हणून पोरींनी त्याचं नाव ठेवलं भुंगा. या थरथरीनं पाण्यात बारीक बारीक बुडबुडे होतात आणि फुटतात, आणि फुटताना काचेला चिकटलेली घाण उखडून काढतात. ब्रश जिथं पोचत नाही तिथं बुडबुडा पोचतो. टाकीला खालून ऊब देता येते. कोमट असलं की घाण लवकर सुटते.

पाणी मात्र सगळी घाण काढत नाही. तेलकटपणा जायला ॲसिटोन लागतं. नखांचा रंग काढायच्या बाटलीला जो वास येतो ना, तोच हा पदार्थ. ते थेट टाकीत कधीच ओतायचं नाही. टाकीत पाणी, पाण्यात काचेचं भांडं, भांड्यात ॲसिटोन आणि पट्ट्या, वर झाकण. कुकरमध्ये वरणाचा डबा ठेवतो तसं. कारण आपण चहा फुंकून पितो तेवढ्या उष्णतेला हे महाराज उकळतात. त्यांची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकत सरकत लांब जाते, कुठं ठिणगी भेटली की पेट घेते आणि आली त्याच वाटेनं आग घेऊन परत भांड्यापाशी येते. म्हणून भांड्यांवर सतत एक पंखा चाले आणि वाफ बाहेर ओढून नेई. नवीन पोरीला मी पहिल्या दिवशी हेच शिकवायची, बाकी सगळं नंतर.

माझी आई रोजगार हमीवर खडी फोडायला जायची. नोकरी लागली तेव्हा मी तिला हे सगळं हातवारे करून समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सावलीत बसायचं हाय ना?" हो म्हटल्यावर तिची चौकशी संपली.

संस्था उभी केली ती अप्पांनी. अप्पा म्हणजे आमचे चेअरमन. धोतर, पांढरी टोपी, जीप, आणि मोठी बागायत, जी त्या वर्षात फक्त बोलण्यात उरली होती. विहिरी आटल्या, उभा ऊस जनावरांना घातला, तेव्हा अप्पा गावोगाव फिरले. "जमिनीतनं न्हाई निघत तर काचेतनं काढू," म्हणत सभासद गोळा केले. लोक पोरी पाठवायला कचरत होते तेव्हा त्यांनी आधी आपली सून पाठवली, विमल. ती बारावी झालेली, हाताची अतिशय हलकी. घरात मात्र सासऱ्यासमोर डोक्यावर पदर आणि तोंडाला कुलूप, तशी त्या घराची रीतच होती. अप्पांशी काही बोलायचं झालं तर ती सासूमार्फत बोलायची.

या विमलनं एकदा सासूची मोत्यांची नथ भुंग्यात टाकली. पट्ट्या एवढ्या लखलखतात तर नथ किती चमकेल, असा तिचा हिशेब. जेवणाच्या सुट्टीत मी बाहेर गेले आणि हिनं काम उरकलं. मधला लाल खडा सुटून तळाला, मोत्यांचं पाणी गेलेलं, आणि ही भिंतीला टेकून बसलेली. "ताई, आता मला घरात घेत न्हाईत," एवढंच म्हणत होती. अंबाजोगाईच्या सोनाराला गळ घालून मी खडा बसवून घेतला. मोत्यांना काही इलाज नव्हता. सासूबाईंनी नथ बघून, "जुनी झाली आता," म्हटलं आणि विमलचा जीव भांड्यात पडला. भुंग्याला सोनं दाखवायचं नाही, हा नियम तेव्हापासूनचा.

दुष्काळाचा आमच्या धुण्याशी सगळ्यात जवळचा संबंध पाण्याचा. भुंग्याचं पाणी रोज सकाळी बदलावं लागे, आणि तेही उकळून, वाफ करून, पुन्हा थंड केलेलं. पोरी घरी टँकरपाशी भांडून, हंडाभर पाणी भरून कामावर यायच्या आणि इथं मी त्यांना भरली टाकी ओतून द्यायला सांगायची. त्यांचा हातच वळायचा नाही. विमल तर टाकी तिरपी करायची आणि माझ्याकडे बघत थांबायची. शेवटी ते पाणी फरशी पुसायला आणि झाडाला जाऊ लागलं, पण त्यात कधी ॲसिटोन सांडलेलं असे, म्हणून जनावराच्या तोंडी एक थेंबही जाणार नाही, यावर मी ठाम होते.

आता खंडेनवमीची गोष्ट. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे अवजारांची पूजा होते. शेतकरी नांगर पुजतो, शिंपी मशीन पुजतो, ड्रायव्हर गाडीला हार घालतो. संस्थेत दरवर्षी अप्पांच्या हस्ते ड्रिल मशीन, टाइपरायटर आणि जीप यांची यथासांग पूजा व्हायची. स्वच्छ खोली झाल्यानंतरची ती पहिलीच खंडेनवमी. परतीचा पाऊसही तोंड फिरवून गेलेला, त्यामुळे यंदा काही कमी पडू द्यायचं नाही असं संचालकांनी ठरवलं. संस्थेचं सगळ्यात महागाचं यंत्र म्हणजे भुंगा, तेव्हा हळदकुंकू, फूल आणि निरांजन त्यालाही हवंच.

मी अप्पांच्या खोलीत गेले. म्हटलं, "अप्पा, पूजा अंगणात करा. आत दिवा नको."

अप्पा म्हणाले, "कावून?"

मी ॲसिटोनचं सांगायला सुरुवात केली. व्हाइस चेअरमन भाऊसाहेब शेजारी पान लावत बसले होते. ते मधेच म्हणाले, "अप्पा, ऱ्हाऊ द्या. त्यांचं येगळं असतंय. त्यांच्यात पूजाअर्चा न्हाई."

आमचं घर आजोबांपासून बौद्ध. मी पूजा करत नाही हे खरंच आहे. पण ॲसिटोनला कोणाचा धर्म कळत नाही. माझा भाऊ बुद्धवंदनेची मेणबत्ती घेऊन आला असता तर त्यालाही मी दारातून हाकललं असतं. मला राग आला. त्याहून जास्त वाईट वाटलं ते याचं, की उत्तर द्यायची सोयच नव्हती. 'तसं नाही' म्हणावं तर सफाई दिल्यासारखं, गप्प बसावं तर कबूल केल्यासारखं. त्या खोलीत मी शिकवलेल्या गोष्टींवर सहा पोरींचा जीव अवलंबून होता, आणि भाऊसाहेबांनी एका वाक्यात माझ्या शब्दाची किंमत माझ्या घरावर ठरवली. मी म्हटलं, "अप्पा, मी पोरींसाठी सांगतेय."

अप्पा म्हणाले, "बघू."

राजकारणातल्या माणसाचं 'बघू' तुम्हाला ठाऊक असेल. त्यात हो असतं, नाही असतं, आणि आता तुम्ही उठा हे तर नक्कीच असतं. मी उठले.

खंडेनवमीला सकाळी अंगणात मांडव पडला, सनई लागली. आम्हाला मात्र सुट्टी नव्हती. साखरेच्या गोदामांची मोठी मागणी होती आणि थर चढवायच्या पट्ट्या त्याच दिवशी धुऊन हव्या होत्या. विमल धरून सहा जणी आत होत्या, सातवी मी. बाहेर बहुतेकांना वाटत होतं की पूजेमुळे आत काम बंद आहे. भुंगा गुणगुणत होता, एका भांड्यातल्या पट्ट्या दुसऱ्यात जात होत्या, आणि वीज गेली.

वीज जाणं त्या दिवसांत नवं नव्हतं. पण वीज गेली की वाफ ओढणारा पंखाही थांबतो, आणि कोमट पाण्यात बसलेलं ॲसिटोन काही लगेच गार होत नाही. वास चढायला लागला. असं झालं की भांड्यांवर झाकणं घालायची आणि सगळ्यांनी बाहेर पडायचं, असा नियम होता. पोरींनी झाकणं घातली. मी कपडे बदलायच्या जागेकडे जाणारं दार उघडलं.

समोर अप्पा. अनवाणी, हातात पूजेचं ताट, ताटात तेवणारं निरांजन. मागे गुरुजी मंत्र म्हणत होते, त्यांच्या मागे भाऊसाहेब आणि दारात दाटलेले संचालक. आत काम बंद, आता वीजही गेलेली, मग दिवा नेला तर काय बिघडतं, असा त्यांचा सरळ विचार. अप्पा एक पाऊल पुढे आले. माझ्या मागून वास बाहेर येत होता.

बोलायला वेळ नव्हता, आणि बोलून एवढी माणसं मागे सरणारही नव्हती. मी पोरींना ओरडून मागच्या दारानं जायला सांगितलं, माझ्यामागचं दार पाठीनं लावून घेतलं, मुखपट्टी खाली ओढली आणि अप्पांच्या हातातल्या निरांजनावर फुंकर मारली. ज्योत हलली आणि पुन्हा उभी राहिली. दुसरी फुंकर मारली तेव्हा विझली.

पूजेचा दिवा तोंडानं फुंकत नाहीत हे मलाही माहीत आहे. मी याच गावात वाढले, याच शेजारात. गुरुजींचा मंत्र अर्ध्यात तुटला. म्हातारा भला माणूस होता, तो ज्या नजरेनं माझ्याकडे बघत राहिला ती आठवली की अजून कसंतरी होतं. भाऊसाहेब मागून म्हणाले, "बघा. मी म्हणलं नव्हतं?"

अप्पांनी विचारलं, "बाई, हे कावून केलं?"

"आत पोरी होत्या," मी म्हटलं. विमलचं नाव मी घेतलं नाही. ते घेतलं असतं तर प्रकरण तिथंच मिटलं असतं, पण सहाही जणींचे जीव सारखेच होते आणि चेअरमनच्या सुनेचा तेवढा मोलाचा, असं मला म्हणायचं नव्हतं. अप्पा ताट घेऊन परत फिरले.

मग व्हायचं ते झालं. पूजा अर्धी राहिली, म्हणून आता पाऊस पडणार नाही असं गावात पसरलं. तो तसाही पडत नव्हता, पण आधी त्याला कारण नव्हतं, आता सापडलं. टँकरपाशी बायका माझ्या आईला ऐकवायला लागल्या. आई घरी येऊन म्हणायची, "फुंकलास तर फुंकलास. उद्यापासून हंडा तू भर." मी हसण्यावारी न्यायचे, पण झोप लागत नव्हती. ती खोली माझी होती. तिथली प्रत्येक पोर मी तयार केली होती, आणि ती माझ्या हातून जाणार असं स्पष्ट दिसत होतं.

पुढे टँकरच्या पाण्यासाठी सभासदांची खास सभा लागली. आमच्या सभा म्हणजे विषय वाचून व्हायच्या आत "मंजूर, मंजूर" असा गजर. पाण्याचे विषय त्याच गजरात पार पडले. शेवटी सेक्रेटरींनी पुकारलं, "अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळचे विषय." भाऊसाहेब उठले. म्हणाले, "सभासदांच्या भावना लई दुखावल्यात. स्वच्छ खोलीचं काम मॅडमकडून काढून त्यांना पॅकिंगमदी द्यावं, असा मी ठराव मांडतो."

कोणी मंजूर म्हणालं नाही. नामंजूरही म्हणालं नाही. ठराव पुढे जायला अनुमोदन लागतं, म्हणून अप्पांनी विचारलं, "अनुमोदन कोण देतंय?" पुरुषांच्या बाजूला माना खाली गेल्या. दोघातिघांनी एकमेकांना कोपरानं ढोसलेलं मी पाहिलं. आपण उठून बोलावं, की उठून निघून जावं, हेच मला ठरवता येत नव्हतं.

बायकांच्या सतरंजीवरून विमल उठली. डोक्यावरचा पदर तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरला होता, आणि आवाज इतका बारीक की पुढच्यांनी मागच्यांना गप्प केलं.

"मामंजी," ती म्हणाली, "तवा आत मी होते."

अप्पा तिच्याकडे बघत राहिले. सुनेचा आवाज त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला असावा. ती खाली बसली, तेव्हा बाकीच्या पाच जणी उठून उभ्या राहिल्या.

भाऊसाहेब म्हणाले, "अप्पा, ठरावाचं काय?"

"अनुमोदन न्हाई," अप्पा म्हणाले. "ठराव पडला. पुढं काय ऱ्हायलंय?"

"आभार," सेक्रेटरी म्हणाले. आभार मानायचं काम दरवेळी भाऊसाहेबांचं असायचं. ते खाकरून पुढे सरसावले, तेव्हा अप्पांनी हातानं त्यांना बसवलं.

"आज मी मानतो," म्हणाले. उभे राहिले, माझ्याकडे वळले आणि हात जोडले. मीही हात जोडले आणि सगळ्यांच्या देखत रडले. सेक्रेटरींनी जरा वेळ वाट पाहिली आणि सभा संपल्याचं जाहीर केलं.